तीन अन् चार बारा

संध्याबाई पाईकरावांच्या घरातून रिकामं खोकं, तुटकी माळ किंवा बाटलीचं बूच कधी कचऱ्यात जात नाही. ते गणितात जातं. त्यांच्या नवऱ्याने, प्रज्ञेशने, मागच्या दिवाळीला बूट घेतले. बूट पायात चढायच्या आधीच खोक्याच्या झाकणावर उभ्या-आडव्या रेघा मारून शंभर चौकोन तयार! फ्रिजच्या पुठ्ठ्याच्या भाकऱ्या झाल्या. एक अख्खी, एक अर्धी, चार चतकोर. "बाईसाहेबांनी आता मला कापून माझे चार समान भाग करायचे तेवढे बाकी ठेवलेत," असं प्रज्ञेश आल्यागेल्याला सांगतो. पाहुणे हसले की आतून आवाज येतो, "काळजी करू नका, समान होतील एवढं बघीन!"

आवाज तर असा की विचारू नका. हिंगोलीच्या घरात त्या फोनवर बोलायला लागल्या की शेजारच्या बाई स्वतःच्या टीव्हीचा आवाज कमी करतात, नाहीतर दोन्हीकडचं कळत नाही.

त्यांची शाळा सेनगाव तालुक्यात, साखऱ्याकडे जाताना आत वळलं की लागणाऱ्या एका वस्तीवर आहे. दोन खोल्या, पुढे लिंबाचं झाड, बाजूला हापसा. तिसरी-चौथी नेमसिंग सरांकडे आणि पहिली-दुसरी संध्याबाईंकडे. रोज सकाळी स्कूटी काढायची, पायापाशी पिशवी ठेवायची आणि निघायचं. वाटेत नरसी नामदेवला माळांच्या दुकानापाशी थांबायचं, तुटलेल्या माळांचे सुटे मणी घ्यायचे. तो दुकानदार एकदा न राहवून म्हणाला, "मॅडम, इतक्या माळा कुणाच्या गळ्यात घालता हो?"

"गणिताच्या," संध्याबाई म्हणाल्या. "लई दिवस झाले, कुणी त्याला माळच घालत न्हाई."

त्यांना हे वेड पहिल्याच नोकरीत लागलं. तेव्हा त्या तरुण होत्या, हातात खडू होता आणि फळ्यावर जे लिहिलं ते पोरांना समजलं असं वाटायचं वय होतं. एकदा बेरीज शिकवताना त्या म्हणाल्या, "आठ आणि पाच तेरा, तेराचे तीन, हातचा एक." पहिल्या रांगेतलं एक पोरगं उठलं आणि तळहात पुढे करून उभं राहिलं. "द्या की मॅडम, हातचा." वर्ग खो-खो हसला. संध्याबाईही हसल्या. पण घरी गेल्यावर त्यांना तो उघडा तळहात काही सोडीना. द्यायला आपल्याकडे होतंच काय? काहीच नव्हतं, नुसता शब्द होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुरीच्या काड्या आणल्या, दहा काड्यांचा एक गठ्ठा बांधला आणि बेरीज करताना तो गठ्ठा खरोखरच पोराच्या हातावर ठेवला. घे तुझा हातचा! पोराने तो घट्ट धरला आणि त्यानंतर हातच्याची बेरीज चुकवली म्हणून नाही.

तेव्हापासून एकच नेम. आधी हाताला, मग डोळ्याला, मग फळ्याला. गुणाकार शिकवायचा तर अंगणात बुचांच्या ओळी लावायच्या, चारच्या पाच ओळी, आणि पोरांना त्या ओळींमधून चालायला लावायचं. चतकोर शिकवायचा तर पुठ्ठ्याची भाकरी अख्ख्या भाकरीवर ठेवून बघायची, चार बसतात का. नेमसिंग सर आधी म्हणायचे, "मॅडम, शाळा आहे का भंगारचं दुकान?" आता तेच घरून बुचं आणतात. टेबलावर ठेवतात आणि निघून जातात. संध्याबाईंना त्याचा इतका आनंद होतो की त्या दिवशी त्या नेमसिंग सरांच्या वर्गाचा गोंगाटही खपवून घेतात.

तर अशी ही सुखी बाई. नोकरीवर खूश, नवऱ्यावर बऱ्यापैकी खूश. आणि या बाईला त्या वर्षी एका सात वर्षांच्या पोरीने घाम फोडला.

पोरीचं नाव निलम. दुसरीत होती. आईबाप पुण्याकडे बांधकामावर असल्यामुळे ती आजोबांजवळ राहायची. आजोबा म्हणजे पुंजाजी. दोन म्हशी, थोडी ज्वारी, थोडी तूर, आणि अंगात जोर अजून असा की पन्नाशीतल्या माणसाने मागे राहावं. निलम शहाणी होती, बोलकी होती, खिचडीच्या वेळी सगळ्यांची ताटं भराभर मांडायची. पण गणिताचा तास आला की तिचं तोंड एवढंसं व्हायचं.

झालं असं होतं. दिवाळीनंतर संध्याबाईंनी दुसरीला सांगितलं, प्रत्येकाने घरून तुराट्या आणायच्या, सारख्या लांबीच्या तोडून. काही गठ्ठे बांधायचे, काही सुट्या ठेवायच्या. गठ्ठे डाव्या हाताला, सुट्या उजव्या हाताला. डावीकडे जितके गठ्ठे तो आकडा डावीकडे लिहायचा, उजवीकडे जितक्या सुट्या तो उजवीकडे. झालं, दोन अंकी संख्या तयार! पोरांना ते लगेच जमलं. फक्त निलमला जमेना.

"तेवीस दाखवा," बाई म्हणायच्या. सगळी पोरं दोन गठ्ठे आणि तीन सुट्या उचलायची. निलम चार गठ्ठे आणि तीन सुट्या उचलायची आणि पाटीवर ऐटीत लिहायची, ४३.

"अगं निलम, तेवीस म्हटलं मी."

"व्हय मॅडम. तेवीसच हायेत."

"हे त्रेचाळीस झाले ना बाळा."

निलम काड्यांकडे बघायची, पाटीकडे बघायची आणि पुन्हा काड्या मोजायची.

आठ आणि सात किती, तर पाटीवर ३०. आणि एके दिवशी तर हद्दच झाली. तीन अन् चार किती? सगळ्या वर्गाच्या पाट्या वर आल्या, सगळीकडे ७. निलमच्या पाटीवर १२.

"तीन अन् चार बारा?" संध्याबाईंचा आवाज चढला. चढला म्हणजे पार हापशापर्यंत गेला. "निलम, अगं तीन अन् चार बारा कुठं होतात? तुझ्या घरी होतात का?"

वर्ग हसला. निलमच्या शेजारी बसणारी नाहिद तेवढी हसली नाही. तिने निलमची पाटी हळूच उलटी करून ठेवली. निलमचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "न्हाई मॅडम. घरी सात अस्तेत. शाळेतच बारा होतेत."

हे वाक्य ऐकून संध्याबाईंनी खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण पहिलीतल्या एका पोराच्या नाकातून रक्त आलं, धावपळ झाली आणि ते वाक्य तसंच राहून गेलं. मग ते रात्रभर त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं. शाळेतच बारा होतात म्हणजे काय? पोरगी थट्टा करत होती का? छे, रडत होती बिचारी.

आठवड्याभराने निलम शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नाहिदला विचारलं तर ती म्हणाली, "मॅडम, ती हट्ट्याला जानार हाय. आत्याचं लेकरू सांभाळाया."

हट्टा म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वसमत तालुक्यात. एकदा पोरगी तिकडे पाळणा हलवायला गेली की परत कशाची येते? दुसरीचं वर्ष जाईल, मग तिसरीचं जाईल, आणि पुढे कुणी विचारलं तर लोक म्हणतील, तिला शाळा जमली नाही. आणि जमली नाही ती कुणाच्या वर्गात? संध्याबाईंच्या. अख्ख्या तालुक्यात जिच्या बुचांचं नाव झालं त्या बाईच्या.

शाळा सुटल्यावर त्यांनी वर्ग आवरला आणि निलमची काड्यांची पिशवी हातात घेतली. सरळ पुंजाजीच्या रानाची वाट धरली.

ज्वारी काढून झाली होती. कणसं खुडून खळ्यावर गेली होती आणि पुंजाजी ज्वारीची वाळली ताटं गोळा करून पेंढ्या बांधत होता. कवेत मावेल एवढा कडबा घ्यायचा, त्यातल्याच दोन ताटांना पीळ देऊन बंध करायचा, गुडघ्याने दाबायचा आणि गाठ मारायची. बांधाच्या कडेला अर्धी गंजी रचून झाली होती. निलम पेंढ्या ओढून आणत होती. अंगावर कुसळं, केसांत पाचोळा, आणि तोंड मात्र हसरं. शाळेत कधी न दिसलेलं.

मॅडमला बघताच ते हसू गेलं. ती आजोबांच्या मागे जाऊन उभी राहिली. संध्याबाईंना ते फार लागलं. आपल्याला बघून एखादं लेकरू लपावं, यापेक्षा वाईट मास्तरकी कुठली?

"या मॅडम, बसा," पुंजाजीने एक पेंढी पुढे टाकली. "पानी देऊ का?"

"पाणी नको, बाबा. निलमला काहून धाडून राहिले तुम्ही? मला उत्तर द्या."

पुंजाजी खाली बघत म्हणाला, "काय करावं मग? पोरगी रोज रडत येती. पोरं हसतेत तिला. डोस्कं न्हाई हिसाबाचं, कुनाचा काय दोष? माझी लेक सपना म्हन्ली, माझं लेकरू ल्हान हाय, निलमला धाड, तिला बी करमल. रव्वारी येती ती न्यायला."

"तिला डोकं नाही असं कोण म्हणालं?"

"तुमीच म्हन्ल्या ना." पुंजाजीच्या बोलण्यात राग नव्हता, जे झालं ते तो सांगत होता. "तीन अन् चार बारा कुठं होतात, म्हन्ल्या."

संध्याबाई पुढे टाकलेल्या पेंढीवर बसल्या. पुंजाजीलाच अवघडल्यासारखं झालं. तो वळून नातीला म्हणाला, "पोरी, ह्या बाजूच्या किती झाल्या गं?"

निलमने मान वर केली नाही. नुसती नजर फिरवली. "चार पाचुंदे अन् तीन."

"म्हणजे पेंढ्या किती?" संध्याबाईंनी विचारलं. उगीच, काहीतरी बोलायचं म्हणून.

"तेवीस."

चार अन् तीन, तेवीस.

चार, तीन. त्रेचाळीस. पाटीवरचा तो ऐटीतला ४३ संध्याबाईंच्या डोळ्यांपुढे आला. त्यांनी घाईघाईने निलमची पिशवी उघडली. आत निलमचे गठ्ठे होते. बाकीच्या पोरांनी रबर लावले होते, निलमच्या गठ्ठ्यांना सुतळीचे भरपूर वेढे आणि आजोबांच्या पेंढीला असते तशी पीळदार गाठ. तुराट्याही जाडजूड. दिसायला गठ्ठा इतरांच्या गठ्ठ्याएवढाच. संध्याबाईंनी वर्गातल्या बाकी प्रत्येकाचे गठ्ठे सोडून मोजले होते, पण निलमची गाठ इतकी सुरेख होती की ती सोडायला त्यांचं मन झालं नव्हतं. आता त्यांनी दातांनी ती गाठ सोडली.

एक, दोन, तीन, चार, पाच.

दुसरा गठ्ठा सोडला, त्यातही पाच. तिसरा, त्यातही पाच.

"अगं बाई गं!" संध्याबाई ओरडल्या. बांधावरच्या साळुंक्या उडाल्या. "निलम, हे गठ्ठे पाचाचे काहून बांधलेस गं राणी?"

निलम घाबरली. "तुमीच म्हन्ल्या. कडब्यावानी बांधा. कडबा पाच पेंढ्यांचाच बांधतेत."

म्हटलं होतं! अगदी असंच म्हटलं होतं. आपल्या कडब्यासारखं बांधून आणा, असं पोरांना समजावं म्हणून त्या बोलल्या होत्या आणि दहाची गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगितली होती. दुसऱ्या दिवशी निलम तापाने घरी होती. इथल्या कडब्याचा हिशेब पाचुंद्यावर चालतो. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, आणि पुंजाजीच्या नातीला दुसरा गठ्ठा माहीतच नाही. तीन अन् चार तुराट्या. त्यातल्या पाचांचा एक पाचुंदा झाला, दोन सुट्या उरल्या. डावीकडे एक, उजवीकडे दोन. बाईंनी सांगितलं तसंच. पोरीने महिनाभर एकही बेरीज चुकवली नव्हती!

आणि घरी सात असतात, शाळेतच बारा होतात. पोरगी आपल्याला सांगत होती की हो. याहून सरळ ती कसं सांगणार होती?

संध्याबाईंना आधी रडू आलं, मग हसू आलं, मग दोन्ही एकदमच आलं. पुंजाजी घाबरून तांब्या घेऊन धावला. त्याला वाटलं, मॅडमला ऊन लागलं. त्यांनी तांब्या बाजूला सारला, मातीत काड्या मांडल्या आणि सगळं समजावलं. म्हातारा उकिडवा बसून बघत होता. समजल्यावर त्याने टाळूवरून हात फिरवला.

"म्हंजी पोरगी चुकत न्हवती?"

"न्हाई बाबा. पोरगी बराबर होती. मीच गाठ सोडून बघितली नाही."

निलम एव्हाना आजोबांच्या मागून पुढे आली होती. संध्याबाईंनी दोन पाचुंदे तिच्या हातात दिले. "हे दोन एकत्र बांध बघू. शाळेची पेंढी एवढी मोठी असते."

निलमने गुडघ्याने दाबून गाठ मारली. मग दुसरी बांधली. मग ते दोन गठ्ठे आणि तीन सुट्या मांडून बघितल्या आणि मातीत बोटाने लिहिलं, २३. ते तिने स्वतःच वाचलं आणि मॅडमकडे बघितलं.

"बराबर!" संध्याबाई म्हणाल्या. आवाज हापशापर्यंत काय, साखऱ्यापर्यंत गेला असेल.

पण पुंजाजी उठता उठता म्हणाला, "ते समदं खरं मॅडम. पन सपनाला शब्द दिलाय. लेकीला काय सांगू?" लेकीचं लेकरू, बापाचा शब्द, संध्याबाईंनी कुठल्या तोंडाने मोडता घालावा?

उरलेले दिवस निलम शाळेत आली. संध्याबाईंनी तिला वर्गापुढे उभं केलं आणि तिच्याकडूनच सगळ्यांना पाचुंद्याचं गणित शिकवलं. पोरांना त्याची इतकी मजा वाटली की मधल्या सुट्टीत ती एकमेकांना कोडी घालायला लागली. तीन अन् चार किती? बारा! आता हसणं वेगळं होतं आणि निलम सगळ्यांत मोठ्याने हसत होती. नाहिद तर घरी जाऊन आपल्या अब्बांनाच चकवून आली. त्या दिवसांत संध्याबाईंनी स्वतःला एक सवय लावून घेतली. पाटीवर काहीही आलं तरी चूक म्हणायचं नाही. आधी म्हणायचं, "कसं केलंस, करून दाखव." पोरं अशी द्वाड की दोन दिवसांत ती एकमेकांना तेच म्हणायला लागली, अगदी मॅडमच्या आवाजात.

रविवार आला. संध्याबाईंनी सकाळी भाजीत दोनदा मीठ टाकलं. प्रज्ञेश गुपचूप जेवला, नुसतं पाणी तेवढं जास्त प्याला. दुपारी त्या म्हणाल्या, "गेली असेल आतापर्यंत." तो म्हणाला, "उद्या कळेल." त्या म्हणाल्या, "उद्यापर्यंत मी जिवंत राहिले तर ना!"

सोमवारी प्रार्थनेला रांगा लागल्या. दुसरीच्या रांगेत नाहिदच्या मागची जागा रिकामी होती. संध्याबाईंनी एकदा बघितलं आणि परत बघितलं नाही. प्रार्थना संपली, पोरं वर्गात गेली. त्या लिंबाखाली उभ्या राहून उगीच हजेरीची पानं चाळत होत्या. इतक्यात रस्त्याने पुंजाजी येताना दिसला. त्याचं बोट धरून निलम, पाठीवर दप्तर.

"उशीर झाला, मॅडम," पुंजाजी धापा टाकत म्हणाला. "सपनाला गाडीत बसवून आलो."

"आणि निलम?"

"हिला कुठं धाडू? मला मोजाया येतंय, जल्मभर मोजलं. लिव्हायला येत न्हाई. ही मला शिकवून राहिली. काल सातापर्यंत आलो. आठ आज शिकवनार हाय म्हन्ली." तो जरा लाजला. "सपनाला म्हन्लं, आता मधीच कुठं मास्तरीन घिऊन जाती माझी? तू लेकरू घिऊन हितंच ये महिनाभर, म्हशीचं दूध हाय. तिला बी पटलं. सासूला इचारून यील आठवड्यात."

संध्याबाईंना हसू आवरेना.

"सात दाखवू का?" पुंजाजीने काडी उचलली, उकिडवा बसला आणि लिंबाखालच्या मातीत जीभ बाहेर काढून एक आकडा काढला. सगळा उलटा, आरशात बघितल्यासारखा. "बराबर हाय का?"

संध्याबाईंनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी निलम दप्तर पाठीवर घेऊनच आजोबांसमोर खाली बसली. हसली नाही, चूक म्हणाली नाही. तिने त्यांच्या हातातली काडी सरळ केली.

"आबा," ती म्हणाली, "कसं काढलं, काढून दाखवा बरं."

पुंजाजीने पुन्हा पहिल्यापासून सात काढायला घेतला. संध्याबाई हजेरी काखेत मारून तशाच उभ्या राहिल्या आणि आतल्या वर्गाचा गोंगाट त्यांनी वाढू दिला.